दुसऱ्या बाजूवरचा खोकला

काटेवाल्यांना दोन गोष्टी अजिबात खपत नसत. एक खोटं वजन आणि दुसरी खोटी तारीख.

वजनाचं समजण्यासारखं आहे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि भाजीवाल्यांपासून सोनारांपर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून जात. म्हणून तर त्यांचं खरं नाव लोक विसरून गेले होते. पारडं केसभर जरी कललं तरी यांच्या घशाखाली घास उतरत नाही, असं त्यांची बायको म्हणायची, आणि ती काही तिखटमीठ लावून बोलणाऱ्यांतली नव्हती. तारखेचं प्रकरण मात्र जरा निराळं होतं. त्या तारखा होत्या जॅझच्या चोरट्या रेकॉर्डींच्या.

चोरट्या म्हणजे कुणाच्या घरातून उचललेल्या नव्हेत. मैफल रंगात आलेली असताना प्रेक्षकांतला एखादा पठ्ठ्या कोटाच्या आत नाहीतर पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून सगळं उतरवून घ्यायचा. मग कुठल्यातरी कारखान्यात, मालकाची पाठ वळली की, त्याच्या थोड्या तबकड्या निघायच्या. पांढरं कोरं पाकीट, मधली चकतीही कोरी. कोण वाजवतंय, कुठे, कधी, कशाचा पत्ता नाही. विकणारा सांगेल ते खरं मानायचं, आणि विकणाऱ्याला समोर गिऱ्हाईक दिसलं की काय वाटेल ते आठवतं.

पण काटेवाल्यांना गोडी होती ती याच कोरेपणाची. ऐकायचं आणि ओळखायचं. ग्लास किणकिणले तर क्लब, लाकडी खुर्च्या करकरल्या तर नाट्यगृह. टाळी भिंतीवर आपटून किती वेळानं परत येते त्यावरून हॉल केवढा ते कळतं. ढोलवाला जुना की नवा, यावरून साल निघतं. बाकीची माणसं ट्रंपेट ऐकत, काटेवाले खुर्च्या ऐकत. एखाद्यानं तारीख चुकवली की त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागायची.

त्यांच्यासारखीच ठार वेडी आणखी तीन माणसं त्या शहरात होती, हे त्यांचं भाग्य म्हणायचं. एक दातांचे डॉक्टर, एक निवृत्त संगीतशिक्षिका, जिला सगळे बाई म्हणत, आणि एक बसड्रायव्हर. रविवारी दुपारी डॉक्टरांचा दवाखाना बंद असे, तेव्हा ही मंडळी तिथल्या बाहेरच्या खोलीत जमत. भिंतींवर किडलेल्या दाढांची चित्रं, ओळीनं मांडलेल्या खुर्च्या, आणि त्यांवर दात उपटायला आल्यासारखे गंभीर चेहरे करून बसलेले चौघे. नव्या माणसाला वाटलं असतं, आत कुणाचं तरी फार वाईट चाललंय.

या मंडळींचा एक नियम होता, आणि तो काटेवाल्यांनीच घालून दिलेला होता. रेकॉर्डींची अदलाबदल खुशाल करा, पण एकदा बदललेली रेकॉर्ड परत मागायची नाही. पूर्वी एकदा बाई आणि ड्रायव्हर यांच्यात यावरून असं वाजलं होतं की वर्षभर दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

आता ज्या रेकॉर्डीवरून ही सगळी गोष्ट घडली तिच्याकडे येऊ.

ही रेकॉर्ड काटेवाल्यांकडे लग्नानंतर थोड्याच वर्षांत आली होती. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, ही मैफल इथल्याच जुन्या हॉलमधली. जुना हॉल म्हणजे स्टेशनामागचा, जो पुढे बंद पडून फर्निचरचं गोदाम झाला तो. काटेवाल्यांचे सासरे त्या हॉलच्या बाजूच्या दारावर तिकिटं फाडायला उभे असत. जावयाला ते कधी दिसले नाहीत, कारण मुलीचं लग्न व्हायच्या आधीच ते गेले, आणि त्यांच्यामागोमाग हॉलही बंद झाला. रेकॉर्ड आणली त्या दिवशी काटेवाले जेवताना बायकोला सहज म्हणाले होते, "ही तुझ्या बाबांच्या हॉलमधली आहे म्हणे." बायको "हो का" म्हणाली आणि वाढू लागली. विषय तिथेच संपला, असं काटेवाल्यांना वाटलं.

पहिली बाजू झकास होती. दुसऱ्या बाजूवर मात्र घोडं पेंड खात होतं. तिथे एक संथ गत सुरू होते, ट्रंपेटवाला जीव ओतून वाजवत असतो, आणि ऐन मोक्याच्या जागी कोणीतरी खोकतं. तेही साधंसुधं नव्हे. आधी दाबलेलं, मग न दाबता आलेलं, मग छाती खरवडून काढणारं, आणि शेवटी घसा खाकरून मोकळं झालेलं. माणूस अगदी टेपरेकॉर्डरला खेटून उभा असणार. खोकला संपतो आणि सगळा हॉल खो खो हसतो. मैफलीत मध्येच खोकणाऱ्या त्या गृहस्थाला लोक हसले, असं सगळे धरून चालत.

काटेवाल्यांनी त्या खोकणाऱ्याचा इतक्या वर्षांत इतका उद्धार केला होता की बिचारा जिथे असेल तिथे त्याला उचक्या लागत असतील. दुसरी बाजू लावली की ठरलेल्या जागी ते ओरडायचे, "अरे, कोणी धरून बाहेर काढा रे याला!" आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात बायको काय करत असेल ते करत असायची.

पुढे पुढे त्यांना वेगळीच शंका यायला लागली. टाळी. जुना हॉल बसका होता, लाकडी छताचा. या रेकॉर्डीतली टाळी फार लांब जाऊन परत येत होती. हा हॉल मोठा आहे, दगडी आहे, म्हणजे ही मैफल जुन्या हॉलमधली नाहीच, असं त्यांनी मंडळींत जाहीर केलं. डॉक्टर उसळले. डॉक्टरांच्या मते ती जुन्या हॉलचीच होती, आणि तिचं मोल त्यातच होतं, कारण त्या हॉलमधली दुसरी एकही मैफल कुणी उतरवलेली नव्हती. तेव्हापासून या विषयावर दोघांची जुंपायची. डॉक्टर म्हणायचे, काटेवाले टाळीला काट्यावर चढवतात. काटेवाले म्हणायचे, डॉक्टरांचे कान ड्रिलच्या आवाजानं गेलेत. बाई मध्ये पडून चहा करायला उठायच्या.

वादाला निकाल नव्हता, कारण दोघांच्याही हातात पुरावा नव्हता.

अशात डॉक्टरांच्या हाती त्याच मैफलीची दुसरी रेकॉर्ड लागली. ही रंगमंचाच्या अगदी पुढ्यात बसून कोणीतरी उतरवलेली होती. आवाज लख्ख, आणि मुख्य म्हणजे खोकला नाही. डॉक्टरांना तिचं फारसं कौतुक नव्हतं. त्यांना दुर्मीळ वस्तूचा सोस, आणि दुर्मीळ होती ती काटेवाल्यांकडची. खोकल्याची का होईना, पण पहिली. काटेवाल्यांना हवा होता स्वच्छ आवाज. दोघांनाही आपण दुसऱ्याला टोपी घातली असं वाटलं, त्यामुळे अदलाबदल मोठ्या खेळीमेळीत पार पडली.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून काटेवाले घरी आले, दिवाणखान्याचं दार लोटलं आणि दुसरी बाजू लावली. संथ गत सुरू झाली. ती जागा आली. सवयीनं त्यांनी दात आवळले, पण खोकला आलाच नाही. ट्रंपेट सलग वाहत राहिलं, आणि मध्येच त्यानं एक छोटीशी गमतीदार लकेर घेतली. मग हॉल हसला.

काटेवाले ताठ बसले. म्हणजे लोक खोकल्याला हसले नव्हते. या लकेरीला हसले होते. त्यांनी परत लावली. परत ऐकली. ही चाल ओळखीची होती, पण कुठली ते जिभेवर येऊन अडकत होतं. आणखी एकदा लावली, आणि त्यांना आंघोळीची बादली आठवली.

साबण! रेडिओवर दिवसातून दहादा वाजणारी ती साबणाची जाहिरात. संथ, रडवेल्या गतीत ट्रंपेटवाल्यानं खट्याळपणानं साबण आणून सोडला होता. आणि तो साबण बाजारात आला काटेवाल्यांच्या लग्नाच्या वर्षी. कसं विसरतील? कुठल्याशा मावशीनं लग्नात साबणाची अख्खी पेटी भेट दिली होती आणि नवरा-बायको वर्षभर त्याच वासाची होऊन फिरत होती. त्या वर्षी जुन्या हॉलमध्ये कपाटं आणि पलंग रचलेले होते. मैफल तिथे होणं शक्यच नव्हतं.

काटेवाल्यांना हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. इतक्या वर्षांचा वाद, आणि पुरावा कुणी दिला, तर खुद्द डॉक्टरांनी! डॉक्टर लहानपणी कडक शिस्तीच्या वसतिगृहात वाढलेले, रेडिओला हात लावायची बंदी होती. मोठेपणीही जाहिरात लागली की ते रेडिओ बंद करत. त्यांना साबण कळणार कसा? रविवारी मंडळींसमोर ही बाजू लावायची, लकेर आली की नुसतं गालातल्या गालात हसायचं आणि विचारायचं, काय डॉक्टर, आज आंघोळ झाली का? काटेवाले खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालायला लागले.

तेवढ्यात दार उघडलं. दारात बायको उभी होती, हातात ओलं फडकं. रेकॉर्ड चालू असताना ती या खोलीत कधी पाऊल टाकत नसे. जॅझला ती भोंगे म्हणायची.

"खोकला कुठे गेला?" तिनं विचारलं.

"कुठला खोकला?"

"दुसऱ्या बाजूवरचा. ते रडकं सुरू झालं की येतो तो."

काटेवाले चकित झाले. "तुला काय माहीत?"

"स्वयंपाकघर काय दुसऱ्या गावाला आहे? मघापासून तीनदा लावलीत. एकदाही आला नाही."

"येणारच नाही!" काटेवाल्यांना आपला आनंद सांगायला माणूस मिळालं. "गेली ती ब्याद. डॉक्टरांकडून बदलून आणली. आता बघ, कशी आरशासारखी स्वच्छ..."

"बदलून? म्हणजे ती रेकॉर्ड गेली?"

"गेली. आता डॉक्टर बसू देत खोकला ऐकत."

बायको खाली बसली. जवळ रेकॉर्डींच्या खोक्याशिवाय काही नव्हतं, ती त्या खोक्यावर बसली, आणि काटेवाल्यांनी तोंडही उघडलं नाही, यावरून तिचा चेहरा कसा झाला असेल ते समजा.

"अहो, ते माझे बाबा होते," ती म्हणाली.

मग ती बोलत राहिली. मोठ्यानं नाही, रडतही नाही, फडक्याची घडी घालत आणि मोडत. बाबांना छातीचं दुखणं होतं. ते घरी यायचे तेव्हा जिन्यात आधी खोकला यायचा आणि मग बाबा. असाच, आधी दाबलेला, मग मोठा, मग खाकरणं. त्यांचा आवाज कुठे राहिलेला नाही, टेप नाही, काही नाही. आहे तो एक फोटो, त्यात तोंड मिटलेलं. आणि लग्नानंतर एके दिवशी ती पीठ मळत असताना भिंतीपलीकडून बाबा खोकले.

"तुम्हीच म्हणालात ना, बाबांच्या हॉलमधली म्हणून? ते बाजूच्या दाराशीच उभे असत. त्या टेपवाल्याच्या शेजारी असणार." तिनं घडी मोडली. "तुम्ही ती बाजू लावली की मी हातातलं टाकून उभी राहायचे. तेवढा वेळ."

काटेवाले तिच्यासमोर खाली बसले. "मी एवढं घालूनपाडून बोलायचो त्याला. तू कधी काही बोलली नाहीस."

"काय बोलणार? सांगितलं असतं तर तुम्ही मोजत बसला असता. बाबांची उंची, दाराचं अंतर, खोकल्याचं वजन. म्हटलं, राहू दे, आहे तसं बरं आहे."

काटेवाल्यांनी बोलायला तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. अगं, हे तुझे बाबा असूच शकत नाहीत, ही मैफल झाली तेव्हा ते जाऊन निदान दोन वर्षं झाली होती, हा बघ साबण. सुई अजून तबकडीवरच होती. तिच्या कानांना ट्रंपेट म्हणजे भोंगा, तिला आपण होऊन काही कळलं नव्हतं, पण दाखवून दिलं असतं तर साबण तिनंही ओळखला असता. वर्षभर ती त्याच साबणानं न्हाली होती.

आयुष्यभर या माणसानं कुणाचं वजन कुणाच्या तोंडाकडे बघून कमीजास्त केलं नव्हतं. सख्ख्या भावाच्या दुकानातला काटा त्यानं भावासमोर खोटा ठरवला होता. आता बायको खोक्यावर बसून फडक्याची घडी घालत होती, आणि घडी काही केल्या सरळ होत नव्हती.

"आणतो परत," काटेवाले म्हणाले.

"पण तुमचा तो नियम?"

"बघतो काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांना दोन पेशंटांच्या मधला वेळ होता आणि आतल्या खोलीत बसायला एकच जागा, पेशंटची खुर्ची. काटेवाले तिच्यात बसले. डॉक्टरांनी सवयीनं दिवा पेटवला आणि खुर्ची मागे झुकवली.

"दात दुखतोय?"

"नाही. रेकॉर्ड परत हवी आहे. तुमची तुम्हाला परत आणलीय."

डॉक्टरांच्या हातातला आरसा तसाच राहिला. "काटेवाले, नियम तुम्ही केलाय."

"हो."

"मागे बाई आपली रेकॉर्ड परत मागताना रडल्या, तरी तुम्ही ऐकलं नव्हतं."

"नव्हतं ऐकलं."

"मग?"

आडवं पडून, तोंडावर दिवा घेऊन माणूस फार वेळ लपवाछपवी करू शकत नाही. काटेवाल्यांनी सांगितलं. साबणाचं सोडून बाकी सगळं. जिन्यातला खोकला, पीठ, भिंत. डॉक्टर ऐकता ऐकता स्टुलावर बसले. त्यांचे डोळे आधी ओले झाले, आणि मग हळूहळू चमकायला लागले.

"थांबा," ते म्हणाले. "तुमचे सासरे जुन्या हॉलच्या दारावर होते. आणि हा खोकला त्यांचा. म्हणजे मैफल जुन्या हॉलमधलीच! मी इतकी वर्षं काय घसा फोडून सांगत होतो?"

काटेवाले वर दिव्याकडे बघत राहिले. गोष्ट इथवर येईल हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्याच्या काट्यातली खोट शोधण्यात जन्म गेला, आणि आपलंच पारडं कुठे चाललंय ते दिसलं नाही.

"रेकॉर्ड घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "वहिनींची वस्तू आहे, मी कोण ठेवून घेणारा? नियमाचं मी बघतो. पण एक करायचं. रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं की डॉक्टर बरोबर होते. तुमच्या तोंडून. आणि वहिनींना घेऊन या."

डॉक्टर दुष्ट नव्हते. त्यांना खरोखर वाटत होतं की यात सगळ्यांचंच भलं आहे. काटेवाल्यांनी नवी, स्वच्छ रेकॉर्ड पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिली. त्या तबकडीत काय आहे ते शहरात एकट्या त्यांना माहीत होतं, आणि ती हातातून सुटताना त्यांची बोटं क्षणभर आखडली. डॉक्टरांनी ती कपाटात, कापसाच्या बंडलांशेजारी उभी करून ठेवली.

"तोंड उघडलंच आहे तर ती मागची दाढ बघू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको," काटेवाले म्हणाले.

रविवारपर्यंत त्यांचं कामात लक्ष लागलं नाही. एका किराणावाल्याचा काटा त्यांनी तिसऱ्यांदा खोलला तेव्हा किराणावाला म्हणाला, "अहो, आता बास करा, माझी डाळ थोडी हलकी भरली तर जग बुडणार नाही." एरवी काटेवाल्यांनी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी ते नुसतं "हं" म्हणाले.

रविवारी बायकोनं चांगले कपडे घातले. दवाखान्यात आल्यावर तिनं दाढांच्या चित्रांवरून एकदा नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत पदर सावरून बसली. बाईंनी तिला आपल्या शेजारी ओढून घेतलं. ड्रायव्हरनं गणवेशाची टोपी काढली. बातमी मंडळींना लागलेलीच होती.

"काटेवाल्यांना काही सांगायचंय," डॉक्टर म्हणाले. विजय लपवायचा त्यांचा प्रयत्न प्रामाणिक होता, पण जमत नव्हता.

काटेवाले उभे राहिले. आपल्याला घाम फुटलाय याचा त्यांना राग आला. ही चार खुर्च्यांची मंडळी, पण यांच्यासमोर त्यांचा शब्द म्हणजे सरकारी शिक्का होता. बाई स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवायच्या आधी त्यांच्याकडे बघत. तो शिक्का आज ते स्वतःच्या हातानं पुसणार होते, आणि कशासाठी ते कुणाला कळणारही नव्हतं.

"ही रेकॉर्ड जुन्या हॉलमधली आहे," ते म्हणाले. "डॉक्टर बरोबर होते. माझं चुकलं."

मग ड्रायव्हर, ज्याला काटेवाल्यांचं प्रत्येक वाक्य पाठ असे, तो कळवळून म्हणाला, "आणि टाळी? टाळीचा तुमचा तो सगळा हिशेब?"

"टाळीचा हिशेब चुकला."

"पण तुम्ही तर म्हणायचात की दगडी भिंतीशिवाय..."

"चुकला म्हणतोय ना!"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. शिकवण्यात हयात गेलेल्या बाईंना विद्यार्थी खोटं बोलतोय की काय ते ओळखायची सवय होती. "आणि लोक हसतात ते?" त्यांनी हळूच विचारलं. "ते कशाला हसतात?"

काटेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अशी काही कृतज्ञता होती की त्यांना तिच्याकडे बघवेना. नवरा माघार घेणाऱ्यांतला नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"खोकल्याला," काटेवाले म्हणाले. "दुसरं काय असणार?"

आयुष्यातलं सगळ्यात खोटं माप त्यांनी घातलं आणि खाली बसले. आश्चर्य म्हणजे छत कोसळलं नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाठ खुर्चीला टेकली. कधीतरी ड्रायव्हर नाहीतर बाई ती स्वच्छ रेकॉर्ड लावतील, साबण ओळखतील, आणि मग काटेवाल्यांचे कान गेले असं सगळे म्हणतील. म्हणू देत, असं त्यांनी ठरवून टाकलं.

डॉक्टरांनी दुसरी बाजू लावली. सुईची खरखर झाली आणि संथ गत सुरू झाली. काटेवाल्यांनी आज खुर्च्या ऐकल्या नाहीत, टाळी मोजली नाही. ते बायकोच्या हातांकडे बघत होते. ट्रंपेट वर चढत गेलं तसे तिचे हात मांडीवर स्थिर झाले, जसे भिंतीपलीकडे इतकी वर्षं होत असतील.

मग तो खोकला आला. आधी दाबलेला. मग न दाबता आलेला.

बायको अर्धी उठली. आपण कुठे बसलोय, समोर कोण आहे, याचं तिला भान नव्हतं. जिन्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या लहान मुलीच्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, पाणी देऊ?"

कुणी तिला गप्प केलं नाही. डॉक्टर खाली जमिनीकडे बघायला लागले. ड्रायव्हरनं टोपी हातात चुरगाळली. बाईंनी तिचा हात धरून तिला हळूच खाली बसवलं, आणि तबकडीवर तो माणूस छाती खरवडून खोकत राहिला, खाकरला, मोकळा झाला. हॉल हसला.

काटेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं की तिथे सासरे नव्हते. एका मोठ्या दगडी हॉलमध्ये, कुठल्याशा दाराशी, कोणीतरी परका माणूस उभा होता. त्याचं दुखणं काय होतं, त्याच्या घरी कोण होतं, तो पुढे किती जगला, यातलं काहीच तबकडीवर नव्हतं. इतकी वर्षं काटेवाले त्याला बाहेर काढा म्हणून ओरडत आले होते. त्या दिवशी त्या गर्दीत त्याला कुणी पाणी विचारलं होतं की नाही, कोण जाणे. आज विचारलं.